आबाजी भोयाची थोरली

रहाटनीच्या खालच्या अंगाला पवनेच्या काठानं भोयांची घरं व्हती. त्यातलं अगदी पान्याकडचं घर आबाजीचं. पूर आला की नदी उंबऱ्याशी यायची, आन् आबाजी तिला हात जोडून म्हनायचा, आलीस, बस घडीभर, आन् जा. तसा मानूस लई कमी बोलायचा. मानसांशी बोलायचं ते समदं नदीशीच बोलून घेतो, असं त्याची बायको दुर्गाबाई म्हनायची. मंग घरातलं राहिलेलं बोलायचं काम ती येकटी करायची, आन् काही कमी पडू द्यायची न्हाई.

आता भोई म्हंजे नुसतं मासं धरनारं न्हाई बरं का. आदी भोई मेने, म्हंजे झाकलेल्या पालख्या, वाहायचे. नवरी सासरी निघाली, बाळंतीन म्हायेराला निघाली, कुना म्हाताऱ्याला चिंचवडला देवाला न्यायचं झालं, की भोयांना सांगावा यायचा. दांडी खांद्यावर घ्यायची आन् चालायचं. पन ते चालनं आपल्यासारखं न्हवं. गुडघा जरासा मोडता ठेवायचा, पाऊल जमिनीला घासून टाकायचं, आन् चौघांचं पाऊल संगट पडायचं. आत म्हातारी झोपली असंल तर तिला जाग येता कामा न्हाई. मागच्याला वाट दिसत नसती, म्हनून पुढचा हाळी द्यायचा, "डावीला खड्डा." मागनं जबाब यायचा, "वळखला." असं बोलत बोलत पार देहू-आळंदीपतुर जायचे. आबाजीनं तरनेपनी लई मेने वाहिले. उजव्या खांद्यावर लिंबायेवढा घट्टा पडलेला, तो मरेपतुर गेला न्हाई. पुढं टांगे आले, मोटारी आल्या, मेन्याला कोन इचारतो. मेना मोडला, दांडी तेवढी आढ्याला टांगून ऱ्हायली. धुरानं काळीभोर. दुर्गाबाई म्हनायची, जाळायला तरी काढा. आबाजीला ते ऐकूच यायचं न्हाई.

आन् येक काम त्याच्याकडं व्हतं, ते थोरलीचं.

गावाच्या वरच्या अंगाला नदी वळन घेती तिथं काळा खडक, आन् खडकाच्या पोटात डोह. तळ कुनी बघितलेला न्हाई. त्या डोहात साती आसरा, पान्यातल्या देवी, ऱ्हातात म्हनून बाया पहिलं लेकरू घिऊन जायच्या, हळदकुकू वाहायच्या. तिथं खडस मासा असायचा. खडसाचा येकयेक खवला रुपयायेवढा, पाठ शेवाळावानी हिरवी, कूस पितळंवानी पिवळी. त्यातली सगळ्यात मोठी ती थोरली. नाव आबाजीच्या बापानं ठेवलेलं. पाठीवरच्या पराचा येक कोपरा फाटका, त्यावरनं वळखायची. लहान लेकरू कवळ्यात घ्यावं तशी घ्यावी लागंल येवढी थोर.

भोई मरळ धरायचे, वाम धरायचे, शिंगाडा धरायचे, पन डोहातल्या खडसाला हात लावायचा न्हाई हा नेम. थोरली चुकून जाळ्यात आली तर जाळं कापायचं, मंग ते कालच इनलेलं का असंना. आन् तिला घास घालायचा मान आबाजीच्या घराचा. दर शुक्रवारी सकाळी खडकाच्या टोकाला बसायचं, तळहातानं पान्यावर थापट्या मारायच्या, आन् जुंधळ्याच्या पिठाची गोळी पान्याखाली धरून ऱ्हायचं. बघनाऱ्याला आदी काहीच दिसायचं न्हाई. नुसतं काळं पानी. मंग खोल कुटंतरी येक पिवळी सावली. मंग ती सावली वर वर यायची, मोठी व्हत जायची, आन् बघनारा आपसूक मागं सरायचा. गोळी तळहातावरनं उचलली जायची ते बोटाला ओठ लागायचे तेवढंच. आबाजीला मूलबाळ न्हवतं. दुर्गाबाई शुक्रवारी पीठ मळून द्यायची आन् म्हनायची, जावा, सवतीला जेवू घाला. पन पिठात भाजलेल्या हरभऱ्याची पूड तीच घालायची, कुनी न सांगता.

बाप मरताना आबाजीला म्हनलेला, घर ऱ्हाईल न ऱ्हाईल, डोहातली थोरली ऱ्हायली पायजे. ती गेली तर डोह उठला, आन् डोह उठला तर आपला भोईपना उठला. येवढं येकच त्यानं लेकाच्या हाती दिलं. दुसरं द्यायला काही न्हवतंच.

मंग कालवा आला. डोहाच्या खाली बंधारा घातला आन् बंधाऱ्यावरनं कालवा काढला, उसाला आन् पिंपरीकडच्या नव्या वसाहतीला पानी न्यायला. पिंपरीला कंपनी सुरू झाली तवाचीच ही गोष्ट. कालव्याच्या तोंडाशी लोखंडी दार, आन् ते उघडायला-झाकायला नूरमोहम्मद पाटकरी. उंचापुरा, दाढीवाला, मनानं लोन्यावानी मऊ. आबाजीचं घर तिथनं हाकेवर. पावसाळ्यात खडक निसरडा व्हायचा, आबाजीचे गुडघे तर मेन्यांनीच खाल्लेले. त्या साली आखाडात त्याला वाटलं, कालव्याच्या तोंडाशी ह्या बांधीव पायऱ्या हायत्या, हितंच घास घातला तर? त्यानं थापट्या मारल्या. पहिल्यांदा ती आली न्हाई. मंग येका शुक्रवारी आली. आबाजी घरी यिऊन बायकोला म्हनला, शहानी हाय बघ, तिला माझे गुडघे कळले. हरखून गेलता बिचारा. त्याला काय ठावं, आपन तिला कुटलं दार दाखवतोय.

दिवाळी झाली आन् ती यायची थांबली. आबाजी पायरीवर बसायचा, पीठ हातातच भिजून सुटून जायचं. थंडी पडली, तळाला बसली असंल, असं त्यानं मनाला सांगितलं. खडकावर जाऊन बघितलं, तिथंबी न्हाई.

पौषात कालव्याची भिंत फुटली. दुरुस्तीसाठी दार झाकलं आन् कालवा रिकामा केला. त्या साली थंडी अशी पडली की सकाळी घागरीत हात घालवत नसे. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नूरमोहम्मद आबाजीच्या दारात यिऊन उभा राहिला. डोक्याला मफलर, नाकातनं वाफा. आत या म्हनलं तरी यीना.

म्हनला, "आबाजीभाऊ, ओढ्याजवळच्या कुंडात कायतरी हाय. मी पाठ बघितली. पर फाटका हाय."

कालवा ओढ्याखालनं जायचा तिथं खोल दगडी कुंड केलेलं व्हतं. समदा कालवा आटला तरी त्या कुंडात छातीयेवढं पानी राहिलेलं. थोरली दिवाळीनंतर सोडलेल्या पान्याबरोबर दारातनं आत शिरली ती वाहत वाहत तिथवर गेलती. आबाजी खाली बसला. कुनी त्याला काही म्हनलं न्हाई, पन त्याचं त्यालाच कळलं की तिला बोटाला धरून तिथं आपनच नेलं. त्यानं इचारलं, दार उघडून पानी सोडता यील का. नूरमोहम्मदानं मान हलवली. भिंत फुटलेली, पानी सोडलं तर खालच्या झोपड्यांत शिरनार, आन् चावीबी त्याच्याकडं ठेवलेली न्हवती. आन् दुपारला चुन्याची गाडी यिनार व्हती. कुंडाच्या भिंतीलाच पहिलं काम. चुना पान्यात उतरला की तिथं किडाबी जगत न्हाई.

तर येवढं व्हतं. चुना यायच्या आत थोरलीला जित्ती काढायची, आन् जित्ती डोहात न्यायची.

आबाजी निघाला. वाटंत त्याचा पुतन्या ज्योतीराम भेटला, कंपनीत रातपाळी करून सायकलीवरनं येत व्हता, डोळे लाल. आन् रंगराव भोई आला. रंगराव आबाजीच्या बरोबरीचा, मेन्याला दोघं पुढं असायचे. जन्मभर भांडत आले पन येकमेकाबिगर चहा प्यायचे न्हाईत.

धुकं असं की कुंडाच्या ह्या काठावरनं तो काठ दिसंना. पानी काळं, वर गवताच्या काड्या आन् पानं. सगळे काठावर उकिडवे बसले आन् बघत ऱ्हायले. लई वेळानं पान्यावर येक वळ उठला, लांबच्या लांब, आन् त्या वळात तो फाटका पर. ज्योतीरामानं तिला लहानपनी काकाच्या मांडीवर बसून बघितलेली. त्याची झोपच उडाली. येवढ्याशा कुंडात ती म्हंजे कुनी हत्ती गोठ्यात बांधावा तशी दिसत व्हती.

ज्योतीराम म्हनला ओढजाळं लावू, दोन्ही काठांनी ओढत नेऊ, कडंला आली की उचलू. आबाजीच्या मनात न्हवतं, पन दुसरं सुचंना. जाळं लावलं. ज्योतीराम आन् रंगराव दोन टोकं धरून पान्यात उतरले, दात वाजायला लागले. जाळं सरकत सरकत निम्म्यावर गेलं आन् मधेच फुगलं. आत बैल शिरल्यावानी. रंगराव तोंडावर पडला, ज्योतीरामाच्या हातातनं दोर गेला, आन् जाळ्याला हे भगदाड. पानी हेलकावलं ते काठावर आलं. मंग शांत झालं, आन् येक खवला पान्यावर तरंगत आबाजीच्या पायाशी आला. त्यानं तो तळहातावर घेतला. थोडं रक्त व्हतं मुळाशी.

"बास," तो म्हनला. "जाळं काढा."

रंगराव काकडत वर आला. म्हनला पानी गढूळ करू, मरळीला करतो तसं, मासा वर तोंड काढंल. आबाजी म्हनला मरळ चिखलातली, तिला गढूळ सोसतं. खडसाला वाहतं पानी लागतं, गढूळ केलं तर जीवच जाईल. मंग करायचं काय, रंगरावानं इचारलं. आबाजीनं अंगातलं बंडी-मुंडासं काढून ठेवलं, धोतराचा काचा मारला.

दुर्गाबाई तोवर आलीच व्हती, डोक्यावर तुराट्यांचा भारा, हातात तेलाची बुधली. आल्या आल्या तिनं जाळ केला आन् तोंडाचा पट्टा सुरू केला. ह्या वयात पान्यात शिरायचं, मी रांडमुंड व्हायची का, भोयाच्या घरात दिली तवाच बापाला म्हनलं व्हतं. हे बोलत बोलत करडईचं तेल त्याच्या पाठीला, छातीला, पोटऱ्यांना असं रगडलं की कातडं लाल झालं. मंग फडक्यातनं पिठाचा गोळा काढला. हरभऱ्याची पूड घातलेली.

"आन् धरलीत तर न्यायची कशात?" ती म्हनली. "माझ्या घागरीत मावनार हाय का?"

खरंच, ते कुनाच्या ध्यानात आलंच न्हवतं.  पलीकडं ओढ्याच्या वर यशवंतरावांची हीर, तिथं मोट चाललेली, चाकाचा आवाज येत व्हता. दुर्गाबाईनं तिकडं बघितलं आन् पदर खोचून निघाली. मोट म्हंजे चामड्याची भली थोरली पिशवी, बैल ओढतात आन् हिरीतनं पानी वर येतं, खालच्या सोंडेतनं थारोळ्यात पडतं. यशवंतराव गावातले मोठे शेतकरी, गव्हाला पानी द्यायचे दिस. दुर्गाबाईनं काय सांगितलं ते तिचं तिला ठाऊक, पन घडीभरात मोटेचा आवाज थांबला आन् यशवंतराव स्वता मोट खांद्यावर टाकून ओढा उतरताना दिसले. त्यांनी सोंड दोरीनं गच्च बांधली, मोट कुंडात सोडली, तोंडाचं लोखंडी कडं धरून ती पान्याखाली आडवी उघडी ठेवली. काठावर बसूनच धरून ऱ्हायले, खांद्यापतुर हात पान्यात.

आबाजी उतरला. पान्यानं पहिल्यांदा चटका दिल्यावानी केलं. मंग हाडं ठनकायला लागली. मंग पाय आपले न्हाईतच असं वाटायला लागलं. तो मोटेपासनं वावभर, दोन हात पसरल्यायेवढ्या, अंतरावर जाऊन उभा राहिला. उजव्या हातानं थापट्या मारल्या, डाव्या हातात पान्याखाली गोळी धरली, आन् थांबला.

ती आली न्हाई.

थंडीत मासा खात न्हाई, हे भोयाच्या लेकराला ठावं असतं. तळाला जाऊन पडून ऱ्हायचं, श्वाससुदीक बेतानं घ्यायचा. त्यात तिला मघाशी जाळ्यानं भेववलेलं. पीठ हातातच सुटून गेलं, त्यानं नवी गोळी घेतली. तीबी सुटली. बारकी चिंगळं यिऊन बोटं कुरतडायला लागली. धुकं निवळलं, ऊन आलं, पन ते ऊन नुसतं दिसायला. काठावर मानसं जमली. बोलत आली आन् काठाशी यिऊन गप झाली.  दुर्गाबाईचं तोंड कवा थांबलं ते कुनाला कळलं न्हाई, पन ती तुराट्या घालत व्हती आन् तिचे ओठ मिटलेले व्हते.

चुन्याची गाडी आली. बैलांच्या घुंगरांचा आवाज, मागं गवंडी आन् मुकादम. नूरमोहम्मद पुढं जाऊन मुकादमाशी बोलला. मुकादम नगरकडचा, परका मानूस. कुंडाशी यिऊन उभा राहिला. छातीयेवढ्या पान्यात उभा येक म्हातारा, ओठ निळे, आन् काठावर येवढी मानसं पन आवाज न्हाई. त्यानं घडीभर बघितलं. मंग नूरमोहम्मदाला हळूच म्हनला, गाडी खाली करंपतुर थांबतो, त्याच्याफुडं माझ्या हातात न्हाई. गडी गाडी खाली करायला लागले. कुनी सांगितलं न्हवतं, पन येकेक घमेलं असं उचलत व्हते जसं त्यात अंडी भरल्यात.

आबाजीचा हात आता गारठला व्हता. थापटी मारायची तर ती नीट बसंना. ज्योतीराम म्हनला, काका, या वर, मरशाल. आबाजीनं मान हलवली. मंग तो पान्याशी बोलायला लागला. काय बोलला ते काठावर नीट ऐकू आलं न्हाई. जवळ व्हते ते यशवंतराव, त्यांनी पुढं येकदा सांगितलं. म्हनत व्हता, चुकलं माझं बाई. गुडघ्यापायी चुकलं. ये, येवढ्या बारीला ये, परत तुला कुटं बोलवायचो न्हाई.

आन् त्याच्या पायाशी पानी हललं.

पिवळी सावली. आदी वाटलं उनाचा कवडसा. मंग ती वर वर आली, त्याच्या मांडीला घासून गेली, येक फेरी मारली, आन् तोंड हाताशी आनलं.  ते तोंड, त्या मिश्या, ते न मिटनारे डोळे. तिनं गोळी घेतली न्हाई. नुसते ओठ त्याच्या बोटांना लावले आन् तशीच ऱ्हायली, वळखीच्या हाताचा वास घेत असावी तशी. आबाजीनं हात मागं घेतला, बोटभर. ती बोटभर पुढं आली. त्यानं पाऊल पाऊल मोटेकडं सरत आनखी घेतला. तशी ती आली. ज्या हाताच्या सवयीनं ती कालव्यात शिरली, त्याच हाताच्या मागं ती आता मोटेच्या तोंडाशी आली. आबाजीनं हात मोटेच्या आत घातला. ती थांबली. चामड्याचा वास आला असंल. शेपूट हलंना का कल्ले हलंनात. मंग सावकाश, लई सावकाश, ती आपल्या आपन आत गेली.

यशवंतरावांनी कडं वर उचललं. आत येक धडका बसला, त्यांचा हात निखळतो का काय असा, पन त्यांनी सोडलं न्हाई. ज्योतीरामानं ओलं घोंगडं तोंडावर टाकलं. समद्यांनी मिळून मोट वर घेतली.

आबाजीला वर काढावं लागलं. पाय उभेच ऱ्हाईनात.

ज्योतीराम मघाशीच सायकलीवरनं जाऊन आढ्याची दांडी घिऊन आला व्हता. मोट तिला बांधली. आता खांदे चार लागनार, आन् भोई व्हते दोनच, त्यातल्या ज्योतीरामानं कंदी मेना वाहिलेला न्हाई. पुढं रंगराव लागला. मागं ज्योतीराम, त्याच्या पुढं नूरमोहम्मद. पुढचा दुसरा खांदा मोकळाच.  तवा यशवंतरावांनी डोईचा पटका सोडला, घडी करून खांद्यावर ठेवला आन् रंगरावाच्या मागं जाऊन दांडीखाली वाकले. त्यांची आई ह्याच दांडीवरनं नवरी व्हऊन गावात आलती. रंगराव कसनुसा झाला, म्हनला, "मालक, तुमी कशाला." यशवंतराव म्हनले, "चाल रंगराव. पानी खाली सांडतंय."

चालले. पहिल्यांदा लई हाल. मोट डुलायची, पानी हिंदकळून भाहेर यायचं, आत थोरली धडपडायची. ज्योतीराम आपल्या पावलानं ताडताड चालतोय. रंगराव पुढनं ओरडला, "कंपनीत पट्टा ओढतोस नव्हं, मंग हितं का घोड्यावानी उडतोस? गुडघा मोड." नूरमोहम्मद उंच, त्याला तर लई वाकावं लागलं. आबाजी घोंगडी गुंडाळून मोटेच्या बाजूनं लडखडत चालला, चामड्याला कान लावून. मधनंच म्हनायचा, घासून टाका, पाऊल उचलू नका.

रंगरावानं हाळी दिली, "डावीला खड्डा."

मागनं कुनीच बोलंना. आबाजी म्हनला, "वळखला म्हना."

"वळखला," ज्योतीराम म्हनला.

"पुढं ओल."

"वळखली," नूरमोहम्मद म्हनला.

कालव्याच्या काठानं, भोयांच्या घरावरनं, गावाच्या गल्लीतनं. आन् गल्लीत शिरता शिरता ते झालं. कसं झालं कुनाला सांगता येत न्हाई. चौघांचं पाऊल येक झालं. भोई, भोयाचा कंपनीतला पोरगा, मुसलमान पाटकरी आन् गावचा मालक, चौघं येकाच श्वासात चालायला लागले आन् मोटेतलं पानी बोलायचं थांबलं. थेंब सांडंना. आत थोरली शांत झाली. पाळी सुटून येनारे सायकलवाले खाली उतरून भिंतीला लागून उभे राहिले. बाया दारात डोईवर पदर घिऊन. कुनी इचारलं न्हाई मोटेत काय हाय. समद्यांना जसं कळलंच. नुसते पाय घासल्याचा आवाज आन् मधनंच, डावीला दगड, वळखला. म्हातारी मानसं तो आवाज ऐकून रडली, कितीक सालांत ऐकला न्हवता.

डोहाशी मोट उथळ पान्यात उतरवली, घोंगडं काढलं, कडं वाकवलं. थोरली भाहेर आली आन् आडवी झाली. कूस वर. कल्ले उघडे, पन हलंनात. ज्योतीरामानं तोंड फिरवलं.

आबाजी परत पान्यात शिरला. दुर्गाबाईनं आडवलं न्हाई. त्यानं दोन्ही हात तिच्या पोटाखाली घातले, तिला सरळ केली, आन् तोंड धारंकडं करून धरली. पानी तिच्या तोंडातनं शिरावं, कल्ल्यातनं जावं. वाकून, छाती पान्यात टेकलेली, गाल तिच्या पाठीला लागलेला. तिचा श्वास चालंपतुर मानसानं तिथं दुसरं काय करायचं. नदी वाहत व्हती, तो तसाच व्हता. खडकावर मानसं बसली, कुनी हललं न्हाई. ऊन पलीकडच्या काठाला लागलं.

मंग बघनाऱ्यांना दिसलं, शेपटीचं टोक येकदा हललं. परत हललं. कल्ले उघडले, मिटले. आन् ती त्याच्या हातावरनं सरकली, घाई न करता, जशी कुनी मोठ्या घरची बाई उठून आत जाती. काळ्या पान्यात पिवळी सावली खाली खाली गेली, बारीक झाली, आन् मंग नुसतं पानी.

आबाजी वाकलेलाच व्हता. हात पान्यात तसेच, पोटाखाली धरल्यावानी.  दुर्गाबाई लुगड्यासकट पान्यात गेली आन् त्याच्या खांद्याला हात लावला.

"सोडा आता," ती म्हनली. "गेली ती."

"कवा?"

"मघाशीच."

हात पार बधिर झालते, त्याला कळलंच न्हवतं. त्यानं ते वर काढले, उलटे-सुलटे करून बघितले. येका बोटाला पितळी खवल्याचा चुरा चिकटलेला व्हता. मंग त्याला थंडी वाजायला लागली, अशी की दात दाताला लागंनात, आन् पाय तर नव्हतेच.

रंगराव म्हनला, आता ह्यालाच घोंगड्यात घाला. घातला. तीच दांडी, तेच चौघं. जन्मभर दुसऱ्याला वाहून नेलेला मानूस पहिल्यांदा स्वता झोळीत बसला, आन् लाजला पोरीवानी. रंगराव सबंध वाटनं खड्डे सांगत व्हता, नसलेलेसुदीक. मागनं ज्योतीराम आन् नूरमोहम्मद वळखला वळखला म्हनत व्हते. आबाजी झोळीतनं सारखं मागं वळून नदीकडं बघत व्हता, आन् दुर्गाबाई ओल्या लुगड्यानं बाजूनं चालत व्हती, येक शब्द न बोलता.